बाटलीची किंमत आणि घरचा खर्च

१ मे २०१८ रोजी आपण इकडे महाराष्ट्रदिन साजरा करीत असताना तिकडे स्कॉटलंडमध्ये एक वेगळाच कायदा अमलात आला. त्या दिवसापासून तेथील कोणत्याही दुकानदारास मद्य एका ठरावीक किमतीच्या खाली विकण्यास मनाई झाली. ही किंमत बाटलीच्या आकारावर किंवा तिच्या नावलौकिकावर ठरलेली नव्हती. ती ठरली होती बाटलीत प्रत्यक्ष किती मद्यार्क आहे यावर. दहा मिलीलिटर शुद्ध मद्यार्क म्हणजे एक युनिट आणि प्रत्येक युनिटमागे किमान ५० पेन्स, इतका साधा हा हिशोब. सप्टेंबर २०२४ अखेर हा दर वाढवून ६५ पेन्स करण्यात आला.

परदेशातील एका कायद्याची माहिती या पाक्षिकाच्या ज्येष्ठ वाचकांना कशासाठी द्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ज्या घरात एक माणूस पितो, त्या घरात बाटलीची किंमत हा केवळ त्याच्या खिशाचा विषय राहत नाही. ती किंमत कधी किराणा सामानातून, कधी नातवंडांच्या शाळेच्या फीमधून, तर कधी आईच्या पेन्शनमधून वळती होत असते. दारू महाग केली तर ती कमी होते की घर अधिक पिळले जाते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतका पद्धतशीर प्रयत्न स्कॉटलंडखेरीज फार थोड्या ठिकाणी झाला आहे. म्हणून तो समजून घेण्याजोगा आहे.

कर आणि किमान किंमत यांत एक मोठा फरक आहे. सरकारने कर वाढविला तरी मोठी दुकाने तो स्वतः सोसून गिऱ्हाईक ओढण्यासाठी मद्य स्वस्तच ठेवू शकतात. किमान किंमत ठरली की ही पळवाट बंद होते. तेथे सफरचंदाच्या रसापासून बनविलेले सायडर नावाचे पेय मिळते. साडेसात टक्के तीव्रतेच्या तीन लिटर सायडरमध्ये साडेबावीस युनिटे मद्यार्क असतो. अशी बाटली पूर्वी सुमारे चार पौंडांत मिळे. कायद्यानंतर तिची किमान किंमत सव्वाअकरा पौंड झाली. याउलट ४० टक्क्यांच्या ७०० मिलीलिटर व्हिस्कीची किमान किंमत १४ पौंड ठरली आणि चांगल्या प्रतीची व्हिस्की आधीपासूनच त्याहून महाग होती. पबमध्ये बसून पिणाऱ्याला तर काहीच फरक पडला नाही, कारण तेथील दर मुळातच कितीतरी अधिक. थोडक्यात, स्वस्तात स्वस्त आणि तीव्रात तीव्र दारू घरी नेऊन रोज पिणाऱ्यावर या कायद्याचा नेम होता.

हा नेम साधायला सहा वर्षे लागली. स्कॉटिश संसदेने मे २०१२ मध्ये कायदा संमत केला. त्यानंतर व्हिस्की उत्पादकांची संघटना न्यायालयात गेली. खटला एडिंबराहून युरोपीय न्यायालयात, तेथून परत एडिंबरास आणि अखेर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायद्याच्या बाजूने निकाल दिला. वेल्सने २०२० मध्ये आणि आयर्लंडने २०२२ मध्ये हाच मार्ग धरला. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीने मात्र २०१८ मध्ये आणलेली अशीच योजना २०२५ मध्ये गुंडाळली.

आकडे काय सांगतात

स्कॉटिश कायद्यात एक अट होती, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. कायद्याचे मूल्यमापन करणे बंधनकारक होते आणि संसदेने पुन्हा मान्यता दिली नाही तर सहा वर्षांनी तो आपोआप संपणार होता. आपल्याकडे किती कायद्यांच्या कपाळी असा आरसा लिहिलेला असतो? असो. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जून २०२३ मध्ये अंतिम अहवाल दिला. पहिल्या तीन वर्षांत दरडोई मद्यविक्री सुमारे तीन टक्क्यांनी घटली. ही घट मुख्यतः सायडर आणि स्पिरिट या प्रकारांतील होती. केवळ मद्यामुळे होणाऱ्या आजारांनी जे मृत्यू होतात, ते कायदा नसता तर जितके झाले असते त्याच्या तुलनेत १३.४ टक्क्यांनी कमी झाले. वर्षाला सरासरी १५६ माणसे वाचली, असा हा अंदाज. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही चार टक्क्यांच्या आसपास उतरले.

तीन टक्के कमी विक्रीतून तेरा टक्के कमी मृत्यू कसे होतील, असा संशय येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण असे की ही घट सर्व पिणाऱ्यांत सारखी वाटली गेली नव्हती. जे स्वस्त आणि तीव्र दारू पीत होते, त्यांच्यात ती एकवटली होती आणि यकृताच्या आजाराने मरणारेही मुख्यतः तेच. पुरुषांत आणि सर्वांत गरीब वस्त्यांत मृत्यू अधिक घटले. तेथे सर्वांत गरीब वस्त्यांतील मद्यमृत्यूंचे प्रमाण सुखवस्तू वस्त्यांच्या चौपटीहून अधिक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या घटीचे मोल कळते. आणखी एक गोष्ट आपल्या वयाच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या मृत्यूंत तरुण थोडे असतात. बहुतेक जण पन्नाशी-साठीच्या आगेमागे जातात, म्हणजे वीस-तीस वर्षे मुकाट्याने झिजलेले यकृत तेव्हा हिशोब मागते.

विरोधक एक वेगळा आकडा पुढे करतात आणि तोही खरा आहे. स्कॉटलंडमध्ये मद्यामुळे २०१९ साली १,०२० मृत्यू झाले होते. २०२३ साली ते १,२७७ झाले. मग कायदा फसला असे म्हणावे काय? मध्ये कोरोनाची साथ येऊन गेली. त्या काळात जड पिणारे घरात कोंडले जाऊन अधिक प्याले आणि इंग्लंडमध्ये, जेथे असा कायदा नाही, तेथेही मृत्यू वाढले. वैद्यकीय व्यवहारात हे आम्हांला रोज समजावून सांगावे लागते. गोळी सुरू असताना रक्तदाब वाढला, तर गोळी निरुपयोगी ठरत नाही. गोळी नसती तर तो कुठवर गेला असता, हे पाहावे लागते. मात्र ‘नसता तर’ हा शेवटी अंदाजच असतो आणि इंग्लंडशी तुलना किती योग्य, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही सांगितले पाहिजे.

किमतीला न जुमानणारे

आता मुख्य विषयाकडे येऊ. या अहवालांतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग वृत्तपत्रांच्या मथळ्यांत फारसा आला नाही. ज्यांना मद्याची शारीरिक सवय जडली आहे, सकाळी उठल्यावर घोट घेतल्याशिवाय ज्यांचे हात स्थिर होत नाहीत, अशा लोकांचे पिणे किंमत वाढल्याने कमी झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्यांच्यापैकी काहींनी अन्नावरचा आणि विजेवरचा खर्च कमी केला. काहींनी उसने घेतले. सायडर आणि व्होडका यांच्या किमती जवळ आल्यामुळे काही जण सायडर सोडून व्होडकाकडे वळले. अंमली पदार्थांकडे मोठ्या संख्येने लोक वळतील किंवा चोऱ्यामाऱ्या वाढतील ही भीती खरी ठरली नाही. पण गुन्हे किंवा रस्त्यावरील अपघात लक्षणीय घटले, असेही दिसले नाही.

म्हणजे हा कायदा सवयीच्या उतारावर असलेल्या माणसाला अडवतो. जो दरीत पडला आहे त्याला वर काढत नाही. समाजाच्या दृष्टीने पहिले कामही मोठे आहे आणि म्हणून मी अशा कायद्याच्या बाजूचा आहे. परंतु ज्या घरातील माणूस दरीत आहे, त्या घराला किंमतवाढ म्हणजे केवळ वाढलेले बिल. दवाखान्यात तीस वर्षे बसल्यावर हे बिल कोण भरते ते ओळखू येते. मुलाला शंभर रुपये ‘शेवटचे’ म्हणून देणारी आई स्वतःच्या रक्तदाबाची गोळी अर्धी करून घेते आणि मला म्हणते, “डॉक्टर, आता बरं वाटतंय, म्हणून कमी केली.” नवऱ्याचे मासिक निवृत्तिवेतन पहिल्या आठवड्यातच आटलेल्या घरातील वृद्धा जेवणातून आधी दूध कमी करते, मग डाळ. तिचे हिमोग्लोबिन नऊवर आले की आम्ही लोहाच्या गोळ्या लिहून देतो. कारण मात्र केसपेपरवर लिहिले जात नाही.

किंमतवाढीतून आलेला पैसा कोठे जातो, हाही प्रश्न आहेच. स्कॉटलंडमध्ये ही किंमत म्हणजे कर नव्हे. त्यामुळे जादा पैसा दुकानदार आणि उत्पादक यांच्याकडे राहतो, व्यसनमुक्तीच्या सेवेकडे जात नाही. या टीकेत तथ्य आहे.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले आणि १८० मिलीलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ विक्री किंमतही निरनिराळ्या वर्गांसाठी निश्चित केली. देशी मद्य ८० रुपये, नव्याने निर्माण केलेले ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८ रुपये, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य २०५ रुपये आणि उंची विदेशी मद्य ३६० रुपये. यातून राज्याला सुमारे १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित धरला होता. म्हणजे येथे हेतू तिजोरीचा होता, तेथे यकृताचा. स्कॉटलंडची फूटपट्टी लावून पाहा. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलीलिटर बाटलीत सुमारे पावणेआठ युनिटे मद्यार्क असतो. तीव्रता तीच असेल, तर देशीचे एक युनिट दहा-साडेदहा रुपयांना पडते आणि विदेशीचे सव्वीस-सत्तावीस रुपयांना. यकृताला मात्र देशी-विदेशी हा भेद कळत नाही.

देशी मद्याची किंमत विदेशीइतकी करा, असे मी सहजासहजी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे तिच्या खाली आणखी एक पायरी आहे. ती हातभट्टीची. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. स्कॉटलंडमध्ये बेकायदा दारूचा बाजार लहान आहे, म्हणून तेथे किंमतवाढ निर्धोक ठरली. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या तिन्ही जिल्ह्यांत राहिलेला कोणीही सांगेल की किंमत असो वा बंदी, तिचे यश अखेर चोरट्या दारूवर किती नजर आहे यावर ठरते. येथे एक सूचना करून ठेवतो. अशी दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागले, पोटात तीव्र दुखले, उलट्या झाल्या, श्वास जोराने चालू लागला, तर ‘उतरेल’ म्हणून वाट पाहू नये. सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. उशीर झाल्यास कायमचे अंधत्व येते किंवा जीव जातो.

घरातला मापदंड

किमान किंमतीच्या या साऱ्या चर्चेतून एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने उचलावी, ती म्हणजे युनिट मोजण्याची सवय. रीत सोपी आहे. मिलीलिटरला बाटलीवर छापलेल्या टक्क्यांनी गुणावे आणि हजाराने भागावे. साठ मिलीलिटरचा पेग, ४२.८ टक्के, म्हणजे अडीच युनिटांहून थोडे अधिक. साडेसहाशे मिलीलिटरची आठ टक्क्यांची बिअर म्हणजे पाच युनिटांहून थोडी जास्त. आता ‘मी रोज फक्त दोनच घेतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या सत्तरीच्या आजोबांचा हिशोब करू. दोन मोठे पेग रोज म्हणजे आठवड्याला छत्तीस युनिटे. ब्रिटनमधील आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रौढांसाठी आठवड्याची मर्यादा चौदा युनिटे ठेवली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तर पूर्णपणे निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही, असे स्पष्ट केले. शिवाय घरी ओतलेला पेग साठचा असतो हे गृहीत धरू नये. मापाच्या पेल्याने एकदा मोजून पाहावे. बहुतेकांना आश्चर्य वाटते.

उतारवयात तेवढीच दारू अधिक चढते, यात समजुतीचा भाग नाही. वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे रक्तात मद्यार्क अधिक दाट होतो. यकृत मंदावते. तोल सांभाळण्याची शक्ती आधीच उणावलेली असते आणि रात्री लघवीला उठताना पडून मांडीचे हाड मोडण्याची कित्येक प्रकरणे संध्याकाळच्या पेगपाशी जाऊन थांबतात. त्यात औषधांची भर. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळीबरोबर मद्य घेतल्यास श्वास मंदावू शकतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर, विशेषतः जेवण न करता प्यायल्यास, धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि ती लक्षणे ‘चढली आहे’ म्हणून दुर्लक्षिली जातात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असताना रक्तस्राव वाढतो. नित्य पिणाऱ्याने पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच घ्यावे. ज्येष्ठांनी डॉक्टरांना हे लपवू नये आणि आम्हां डॉक्टरांनीही पांढरे केस पाहून हा प्रश्न विचारायचे टाळू नये. स्त्रियांना तर तो क्वचितच विचारला जातो.

काळजीवाहकांसाठी सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. किंमत वाढली, पैसे संपले, दुकान बंद झाले किंवा घरच्यांनी रागाने बाटल्या ओतून दिल्या, की रोज जड पिणाऱ्याचे मद्य एकाएकी थांबते. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा अशी कितीतरी कुटुंबे आमच्या दारी आली. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळू लागतो, नसलेली माणसे पाहू लागतो, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी आहे आणि वृद्धांत अधिकच. घरचे तिला भुताटकी, नाटक किंवा वेड समजतात आणि त्यात मोलाचे तास जातात. म्हणून रोज पिणाऱ्याची दारू सोडवायची असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पूर्वी आकडी आली असेल, हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल, वय साठीच्या पुढे असेल, तर दाखल करूनच. औषधांनी हा काळ बऱ्याच अंशी सुरक्षितपणे पार करता येतो. थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, सुरुवातीसच दिले जाते, कारण त्याच्या अभावी स्मरणशक्तीची कायमची हानी होते. ग्लुकोजची सलाईन लावून ‘ताकद भरण्याचा’ आग्रह नातेवाईक धरतात, त्यांना ही विनंती की थायामिनशिवाय ती लावू नये.

पैशाबाबत म्हणाल तर घरातील वृद्धांची पेन्शन, पासबुक आणि एटीएमचे कार्ड पिणाऱ्याच्या हाती राहू देऊ नये. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण बहुतेक वेळा तो पोटचा मुलगा असतो. पण औषधाचे पैसे महिन्याच्या आरंभीच औषधांच्या दुकानात भरून टाकणे आणि धान्य एकदम भरून ठेवणे, एवढे तरी करता येते. दमदाटी होत असेल तर ज्येष्ठांसाठी असलेल्या १४५६७ या क्रमांकावर फोन करावा. व्यसनासंबंधी मार्गदर्शन १४४४६ वर आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची सेवा १४४१६ वर मिळते. पुण्यातील मुक्तांगण ही संस्था १९८६ पासून हे काम करीत आहे आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका राज्यातील अनेक गावांत मराठीत होतात. पिणारा बैठकीस येत नसेल तरी त्याच्या आईवडिलांनी, पत्नीने ॲल-ॲनॉनच्या बैठकीस जावे. ती त्यांच्यासाठीच असते, आणि पहिल्या दिवशी काही बोलले नाही तरी चालते.